ऐकलेले पक्षी

२ मार्च

चि. वटवट्या,

सात वर्षांनी ताईचं अक्षर पाकिटावर बघून तू आधी कोण गेलं ते शोधशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, कोणीही गेलेलं नाही. मी आहे, तुझे भावोजी आहेत, गिरणीही चालू आहे. भावोजींना आता अजिबात ऐकू येत नाही. त्यामुळे आमचा संसार सुखाचा चालला आहे.

तुझा पत्ता मी तुझ्या शाळेच्या कारकुनाकडून काढला. तो फोनवर म्हणाला, "प्रयोगशाळेतले ते अबोल गृहस्थ का?" मी म्हटलं, तुमची काहीतरी चूक होतेय. ज्याची बडबड ऐकून मी त्याला पाखराचं नाव ठेवलं, तो अबोल कसा असेल? पण त्याने नाव-गाव सगळं बरोबर सांगितलं. तू तिथे परीक्षानळ्या धुतोस हेही त्यानेच सांगितलं. मला ते ठाऊक नव्हतं.

पत्राचं कारण अगदीच किरकोळ आहे. मी माळा आवरायला काढलाय. तुझ्या निळ्या वह्या सापडल्या, संशोधन केंद्रात असताना तू शिवारात फिरून लिहायचास त्या. सगळ्या आहेत, फक्त शेवटच्या वर्षाची नाही. त्या सभेच्या वर्षाची. ती तुझ्याजवळ असेल तर पाठवून दे, म्हणजे संच पुरा होईल. सहज विचारते आहे, दुसरं काही नाही.

आणखी एक बातमी म्हणजे गणना कचेरी अठरा एप्रिलला माझा सत्कार करणार आहे. पस्तीस वर्षं एकही खाडा न करता पक्षी मोजले म्हणून. तू ये असं मी म्हणत नाही. कळवायचं म्हणून कळवलं.

पक्षी ठीक आहेत.

तुझी ताई

११ मार्च

चि. वटवट्या,

उत्तर नाही. असो, टपाल हल्ली उशिराच येतं असं मी मनाला सांगितलं आहे.

मागच्या पत्रात भावोजींच्या कानांची थट्टा केली, त्याचं पुढचं सांगते. गेल्या महिन्यात दवाखान्यात कान तपासणारी एक मुलगी आली होती. भावोजींना मी ओढत नेलं. चाळीस वर्षं पट्ट्याचा आणि दगडाचा आवाज ऐकून त्यांच्या कानांचं पीठ झालंय, हे सांगायला यंत्र कशाला लागतं? सासरे तसेच गेले, त्यांचा भाऊही तसाच. गिरणीवाल्याचे कान पन्नाशीला जातात हे इथे सगळ्यांना पाठ आहे. त्या मुलीने मलाही बसवलं. ते राहू दे.

गिरणीत आता चिमण्या येत नाहीत. आठवतं का, दगडाला टाकी लावायला गिरणी बंद केली की त्या खाली उतरायच्या, सांडलेलं टिपायला? तू पोत्यावर बसून त्यांच्याशी भांडायचास. आम्ही नऊ वर्षांपूर्वी वरच्या झरोक्याला जाळी बसवली, म्हणून येत नसतील असं मी धरून चालले होते. गेल्या आठवड्यात शिडी लावून जाळी काढली. आठ दिवस झाले. दार उघडं, झरोका उघडा, खाली मूठमूठ दाणे पडलेले. कोणी आलं नाही. पिठात किडासुद्धा होत नाही आता, गिऱ्हाइकं खूश आहेत.

ती वही मला खरंच हवी आहे. संच पुरा करायचाय हे खोटं होतं. खरं काय ते लिहायला बसले की दुसरंच काम आठवतं. मी तुझी मोठी बहीण आहे आणि मला तुझी भीती वाटते, हे लिहायलाच चार कागद फाडले.

ताई

२४ मार्च

वटवट्या,

आज सगळं लिहिते. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच आणि मग हवं तर फाडून टाक.

त्या मुलीने माझ्या कानांना डबड्यांसारखं काहीतरी लावलं, हातात एक बटण दिलं आणि म्हणाली, "आजी, शिट्टी ऐकू आली की दाबायचं." मी म्हटलं, मला काही ऐकू येणार नाही, उगाच वेळ घालवू नकोस. मग शिट्ट्या सुरू झाल्या. आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक, अगदी मुनियाच्या आवाजासारख्या. मी दाबत गेले, प्रत्येक वेळी. ती कागद बघून हसली. म्हणाली, "तुमचे कान चाळिशीतल्या बाईचे आहेत! गिरणीत असून हे कसं काय?" मी तिला सांगितलं की मी लग्न झाल्यापासून मेणात भिजवलेला कापूस कानात घालते, पक्ष्यांसाठी. आणि रडायला लागले. ती बिचारी घाबरली. म्हणे, एवढी चांगली बातमी ऐकून रडणारं माणूस पहिल्यांदाच पाहिलं.

तिला काय सांगू? अरे, गेली दहा वर्षं मी स्वतःला बहिरी समजत होते.

तक्ता तुला माहीत आहे. दहा थांबे, प्रत्येक थांब्यावर पाच मिनिटं, उजाडताना. पाहिलेले पक्षी एका रकान्यात, ऐकलेले दुसऱ्यात. छोटे पक्षी दिसतात कुठे? शंभरातले नव्वद ऐकूनच लिहायचे असतात. दहा वर्षांपूर्वी एका एप्रिलमध्ये मी तिसऱ्या थांब्यावर उभी राहिले आणि काहीच ऐकू आलं नाही. चौथ्यावर नाही. पाचव्यावर एक शिंपी पक्षी, तोही लांब. मी तिथेच बांधावर बसले आणि मनात म्हटलं, आला आपलाही नंबर. सासऱ्यांसारखे आपलेही कान गेले. दुसरं काही माझ्या डोक्यात आलंच नाही रे. एवढं मोठं शिवार गप्प झालं असेल, हे कुणाच्या डोक्यात येईल? त्यापेक्षा एक म्हातारी बहिरी झाली असेल हे सोपं होतं.

मग मी तक्ता घरी आणला आणि आदल्या वर्षीचा शेजारी ठेवला. आणि लिहिलं. चंडोल चौदा होते तिथे तेरा. वटवटे नऊ होते, दहा केले. मला ते खोटं वाटलंच नाही, शपथ. मला वाटलं, पाखरं तर आहेतच, माझे कान गेले यात त्यांचा काय दोष? मला ऐकू येत नाही म्हणून त्यांचं नाव का कापायचं? उलट मी त्यांच्यावर उपकार करते आहे, असं वाटायचं. कुणाला सांगितलं असतं तर गणना हातून गेली असती. ती गेली असती तर माझ्याजवळ पोती आणि पट्टा एवढंच उरलं असतं. म्हणून झाकली मूठ झाकलेलीच ठेवली.

पुढची दोन वर्षं तेच. त्याच्या पुढच्या वर्षी ती सभा.

तू उभा होतास हातात फाइल घेऊन. नव्या फवारणीला परवानगी देऊ नका, किडे मेले तर पिलं उपाशी मरतील, आताच्या औषधांनीही मरतच आहेत, असं तू सांगत होतास. आणि गणनेच्या साहेबांनी माझे तक्ते काढले. म्हणाले, यांचे आकडे तर काही वेगळंच सांगतात. मग माझ्याकडे वळले, "बाई, हे पक्षी तुम्ही स्वतः ऐकलेत ना?" सगळी सभा माझ्याकडे बघत होती. तूही.

मी हो म्हटलं.

तू फाइल मिटलीस. मला वाटलं, आता तू उठशील, तोंड सोडशील, मी तुला ओळखते ना. पण तू मुकाट खाली बसलास. केंद्राने महिन्याभरात तुला घरी पाठवलं, सख्ख्या बहिणीनेच तुला खोटं पाडलं असं लोक हसत हसत बोलले, आणि तू न सांगता निघून गेलास. फवारणी त्याच वर्षी सुरू झाली.

आता मला ती वही का हवी ते सांगते. ओढ्याकाठची पडीक पट्टी तेवढी फवारणीतून सुटली होती, गवत आणि काटेरी झुडपं आहेत अजून. ती नांगरून शेताला जोडायची का, हे अठरा तारखेलाच ठरणार आहे, सत्काराच्या आधी, त्याच व्यासपीठावर. आणि परवानगीच्या अर्जाला पुन्हा माझेच तक्ते जोडले आहेत. सगळीकडे पक्षी भरपूर आहेत, एक पट्टी गेली तर काय बिघडतं, असं. मी खोटं लिहिलं हे मी सांगणारच आहे. पण माझ्या सांगण्याला पुरावा हवा, आणि त्या वर्षी या शिवारात पक्षी मोजणारं दुसरं माणूस एकच होतं.

माफी मागत नाही. ती मागायची लाज वाटते. वही तेवढी पाठव.

ताई

७ एप्रिल

वटवट्या,

काल गणना केली. दहा वर्षांत पहिल्यांदा कानांवर भरवसा ठेवून उभी राहिले. भावोजी कंदील घेऊन सोबत आले होते. ते मध्येमध्ये "काय आलं? काय आलं?" असं गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारत होते. तिसऱ्या थांब्यावर मी त्यांना हाताने 'काही नाही' केलं. चौथ्यावर केलं. सातव्यावर त्यांनी विचारायचंच सोडून दिलं आणि कंदील खाली ठेवून माझ्या पाठीवर हात ठेवला.

सात थांबे शून्य. कावळे आणि पारवे सोडून. मला पलीकडच्या वस्तीतल्या पंपाचा आवाज येत होता, भावोजींच्या छातीतली घरघर येत होती, इतकं सगळं स्पष्ट. आठव्यावर दोन चिमण्या दिसल्या. नवव्या आणि दहाव्याला, म्हणजे पट्टीत, तीन वटवटे, मुनियांची एक जोडी आणि एक चंडोल. चंडोल वर गेला आणि पाचही मिनिटं गात होता. मी पेन्सिल हातात धरून नुसती उभी राहिले.

एकूण आठ. गेल्या वर्षी मी एकशे बारा लिहिले होते. म्हणजे घरी बसून लिहिले होते.

तक्ता भरला, सही केली, कचेरीत नेऊन दिला. कारकुनाने आकडा बघितला आणि म्हणाला, "ताई, पुढचे दोन आकडे लिहायचे राहिले का?" मी म्हटलं, नाही, एवढेच आहेत. तो म्हणाला, बरं, साहेबांना विचारतो.

अकरा दिवस उरलेत. तू पाठवणार नसलास तर तेही समजेन. पण मग 'नाही' असं एका ओळीत कळव, म्हणजे मी रोज फाटकापाशी उभी राहणार नाही.

ताई

१९ एप्रिल

वटवट्या,

कालचं लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

आधी पट्टीचा विषय निघाला. मी हात वर केला तर साहेब म्हणाले, "ताई, तुमचा सत्कार नंतर आहे, घाई नको." लोक हसले. मी उभी राहिलेच. म्हटलं, या अर्जाला जोडलेले तक्ते खोटे आहेत, दहा वर्षांचे, मी घरी बसून लिहिले आहेत. आणि मग काय झालं असेल, सांग.

टाळ्या वाजल्या.

खरंच सांगते. पहिल्या रांगेतली एक बाई डोळे पुसत म्हणाली, किती हा विनय. साहेब म्हणाले, "बघा, पस्तीस वर्षं काम करून हे माणूस म्हणतं, माझं काहीच नाही!" मी ओरडले, अहो विनय नाही, खोटं आहे! तेव्हा कुठे त्यांचा चेहरा बदलला. ते खाली आले, माझा हात धरला, पाणी मागवलं. हळूच म्हणाले, "ताई, वय होतं तसं माणसाला असं वाटायला लागतं. मागचं आठवत नाही, मग भीती वाटते. माझ्या आईचंही असंच झालं होतं." वाईट माणूस नाही रे तो. वाईट असता तर मला भांडता आलं असतं.

मी म्हटलं, मला तेव्हा वाटत होतं की मला ऐकू येत नाही. म्हणून अंदाजाने लिहायचे. साहेब म्हणाले, "मग कान तपासलेत?" मी पर्समधून त्या मुलीने दिलेला दाखला काढून दिला. मूर्खासारखा. मला वाटलं, हा दाखला बघितला की सगळं उलगडेल. त्यांनी तो वाचला, व्यासपीठावर गेले आणि ध्वनिक्षेपकावर वाचून दाखवला. श्रवणशक्ती उत्तम. म्हणाले, "म्हणजे आकड्यांबद्दल उरलीसुरली शंकाही मिटली. ज्यांचे कान आज इतके चांगले, त्यांचे दहा वर्षांपूर्वी कसे असतील!" पुन्हा टाळ्या.

ठराव पास झाला. या वर्षीचा तक्ता, तो आठाचा, त्यांनी 'प्रकृतीच्या कारणाने अपूर्ण' असा शेरा मारून बाजूला ठेवलाय. मला मानपत्र दिलं. त्यात लिहिलंय की या परिसरातले पक्षी माझ्या कानांमुळे नोंदीत जिवंत आहेत. मी ते गिरणीत नेऊन पोत्यांखाली घातलं. भावोजींना काही ऐकू आलं नव्हतं, ते घरी येताना आनंदात होते. त्यांना सगळं पाटीवर लिहून सांगायला मला तासभर लागला.

तुझी वही आली नाही. मी फाटकापाशी उभी राहायचं सोडलंय.

ताई

२ मे

वटवट्या,

मंगळवारी यंत्र आलं. दोन दिवसांत पट्टी सपाट. मी गेले नाही. भावोजी गेले होते. परत आले तेव्हा त्यांच्या हातात मुनियाचं घरटं होतं, गवताचा गोळा. आत पाच अंडी, शेंगदाण्याएवढी, थंड. टेबलावर ठेवून ते हात धुवायला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

काल तुझं पार्सल मिळालं.

आधी चिठ्ठी वाचली. चारच ओळी लिहिल्यास. 'ताई, तुझी सगळी पत्रं मिळाली. वही मार्चमध्येच बांधून ठेवली होती. पण तुझा सत्कार होऊन जाऊ दे, चारचौघांत तुझी शोभा नको, म्हणून अठरा तारखेनंतर टाकली. मला तुझा राग कधीच नव्हता.'

मग वही उघडली. त्या वर्षीचा एप्रिल. सहा तारीख, माझ्या गणनेचीच. थांबा एक, थांबा दोन, असे दहाही. माझेच थांबे, माझ्यामागून एक तासाने. तू माझ्या मागे चालत होतास. तिसरा शून्य, चौथा शून्य, पाचव्यावर तो एक शिंपीही नाही. आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंयस, 'ताईला ऐकू येत नाही बहुतेक. तक्त्यात जुनेच आकडे भरले आहेत. सभेत काढू नये. ती खचेल.'

म्हणजे तुला माहीत होतं. मी हो म्हटलं तेव्हा ही वही तुझ्या फाइलमध्ये होती. ते पान काढून पुढे ठेवायला किती वेळ लागला असता? सगळ्यांसमोर बहिणीला बहिरी कसं म्हणायचं, म्हणून तू फाइल मिटलीस. नोकरी घालवलीस, गाव सोडलंस, नळ्या धुतोस, आणि सात वर्षं मी तुझ्या रागाला भीत बसले, जो नव्हताच. आणि आता, सगळं लिहून कळवलं तरी, तू पुन्हा तेच केलंस. पुन्हा माझी शोभा सांभाळलीस.

काल दिवसभर मला वाटत होतं की तुझे आभार मानावेत. इतकी माया कोण करतं? आईने केली नसेल. संध्याकाळी टेबलावरचं ते घरटं बघितलं आणि आभाराचा विचार सोडून दिला. मला राग आलाय, वटवट्या. माझ्यावर आहे त्याहून जास्त तुझ्यावर आलाय, आणि तो अन्याय आहे हे कळूनही येतोय. मी पाखरांवर दया केली आणि खोटं लिहिलं. तू माझ्यावर दया केलीस आणि खरं लपवलंस. आपल्या घरात कुणी कुणाला दुखवत नाही, असं आई अभिमानाने सांगायची.

एकदा विचारायचं होतंस. बांधावर मागून येऊन हाक मारायची होतीस, ताई, तुला काही ऐकू येतंय का? मी नाही म्हटलं असतं. तू म्हणाला असतास, मलाही नाही. झालं असतं सगळं एवढ्यात.

तेही जमलं नाही तर सभेत भांडायचं होतंस रे. ताई खोटं बोलतेय, असं सगळ्यांदेखत ओरडायचं होतंस. मी रडले असते. वर्षभर तुझं तोंड बघितलं नसतं, भाऊ नाही म्हणून सांगितलं असतं. पण चंडोल राहिले असते.

ताई